तपकिरी रंगाची साक्ष

कॉलेजात शिकणारा आमच्या घरातला मी पहिलाच. साहजिकच परळच्या टाटा रुग्णालयातून खालापूरला आणलेला आजोबांचा अहवाल मलाच वाचावा लागला. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, तरी रक्तातील पी.एस.ए. हे प्रथिन कमी! असे कसे?

ग्रंथीच्या तुकड्याचा पातळ काप घेऊन त्यावर प्रतिपिंडे सोडतात. ठरावीक प्रथिन असेल तेथेच ती चिकटतात; मग रसायनाने तपकिरी रंग उमटतो. नेहमीच्या प्रकारात पी.एस.ए. रंगते. दुर्मीळ लघुपेशी प्रकारात पेशी ते फारसे बनवतच नाहीत. तेथे बहुधा सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन रंगतात. अशा वेळी केवळ संप्रेरकोपचार पुरत नाहीत, केमोथेरपी लागते.

“काय लिहिलंय रे?” आजोबांनी विचारले. मी मराठीत समजावले.

“म्हणजे रोग वेगळा, औषधही वेगळं,” ते म्हणाले.