जुन्या मोटारीची बैठक

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात पोलादाची मोठी टंचाई होती. म्हणून १९४८ साली रोव्हर कारखान्याने ‘लँड रोव्हर’ ही शेतातून व खडकाळ वाटांवरून चालणारी मोटार लोकांपुढे आणली, ती अंगाने बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची. हा पत्रा लोखंडासारखा गंजत नाही. बैठकीच्या उशीखाली मात्र लाकूड होते, आणि लाकडाचा वैरी पाणी!

आज अशी जुनी गाडी दुरुस्तीस आली की कारागीर प्रथम उशी उलटी करतो. चुकांभोवतीचे लाकूड काळे पडून भुसभुशीत झालेले असते. ते चुलीत घालावे असे कोणासही वाटेल. पण जाणता कारागीर ते जपून ठेवतो. कोपऱ्यांची गोलाई त्याला दुसरे कोण सांगणार? तो तिचा आकार कागदावर उतरवून घेतो व त्यावरून नवे प्लायवूड कापतो. कापताना चारी कडांना कापडाच्या जाडीइतकी जागा सोडतो. आरंभीच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असे. पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी उशी उचलावी लागे. ती घट्ट रुतून बसली तर काय उपयोग?

मग तो फळीला भोके पाडतो. माणूस बसला की उशीतील हवा त्यांतून बाहेर पडते. शेवटी वार्निश. उतावळा मनुष्य फळीची पाठ तेवढी चकचकीत करतो. पाणी शिरते ते कापलेल्या कडांतून आणि भोकांच्या काठांतून. तेथे जुना कारागीर दोन हात अधिक देतो.