बोटीला बोट लावून पाहा

कमानिया गेटच्या बाजारात उन्हाळ्याचं मडकं घेताना मी हाताला लागलेलं पहिलं मडकं कधीच घेतलेलं नाही. बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणीत वाजलं तर बाजूला ठेवायचं, बद्द वाजलं तर परत. आमच्या जबलपूरचे कुंभार त्यावर रागावतही नाहीत. त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून 1939 साली उभारलेल्या या कमानीखालून मी चाळीस वर्षं ये-जा करतेय. मडक्यासाठी दहा मिनिटं घालवणारी ही बाई निवृत्तीच्या पुंजीतून शिडाची बोट घेताना मात्र त्या बोटीला बोटही न लावता सही करून मोकळी झाली.

बेत साधा होता. हे कारखान्यातून निवृत्त झाले, मी शाळेतून. भोपाळच्या मोठ्या तलावावर दोघं लहान शिडाच्या होड्या चालवायला शिकलो होतो. दिवाळीनंतर वैशाखापर्यंत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर बोटीत राहायचं आणि पावसाळ्यात घरी परतायचं. बोटीचं नाव आधीच ठरलेलं होतं, रेवा. नर्मदाकाठच्या माणसाला दुसरं काय सुचणार!

गोव्यात एका यार्डात घोडीवर चढवलेली 38 फुटी जुनी बोट दाखवली गेली. मी शिडीवरून आत उतरले आणि फ्लॅट पाहावा तशी पाहिली. ओटा ऐसपैस, दोन निजायच्या खोल्या, उभं राहता येईल असं न्हाणीघर. नात आली तर कुठे झोपेल हेसुद्धा ठरवून टाकलं. ह्यांचा हिशेब आणखी वेगळा. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यातच बांधलेल्या 56 फुटी 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, मग आपण दोघं असताना अडतीस फुटांचं काय घेऊन बसलीस? त्यात एकच गोष्ट राहून गेली. दोंदे नौदलाचे पाणबुडे होते आणि बोट बांधली जात असल्यापासून तिच्याशी झटत होते. आमच्या ह्यांचे गुडघे तेव्हाच डॉक्टरांच्या यादीत होते.

लांबी आणि वजन एका चालीने वाढत नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याच घाटाची बोट 30 फुटांवरून 38 फुटांवर गेली, तर लांबी पावपट वाढते आणि वजन जवळजवळ दुप्पट होतं. शीड मोठं, दोरावरचा ताण मोठा, नांगर मोठा. आमची नांगराची साखळी 10 मिलिमीटर जाडीची होती, म्हणजे मीटरला सव्वादोन किलोच्या वर. तीस मीटर सोडली की सत्तर किलो लोखंड पाण्यात, नांगर वेगळाच.

विजयदुर्गच्या खाडीत रात्री ओहोटी लागली, बोट फिरली आणि नांगर घसरायला लागला. तो उचलून पुन्हा टाकायचा, तर साखळी ओढणारं विजेचं यंत्र गप्प. हे वाकले आणि तसेच बसले. कमरेत अशी चमक भरली की आतून फक्त सूचना येत राहिल्या. मी एकटी. माझं वजन पंचावन्न किलो. इंजिन हळू चालवून बोट जागी धरली, पण साखळी हातभरही वर येईना. शेवटी पहाटे मासेमारीला निघालेल्या होडीवरची तीन पोरं चढली आणि गप्पा मारत त्यांनी साखळी ओढून घेतली. त्यांचा तांडेल जाता जाता म्हणाला, "काकी, बोट एवढी मोठी आणि माणसां दोनच?"

तेव्हापासून मला कुणी विचारलं तर मी सांगते, जोडप्याने बोट दोघांची ताकद धरून घेऊ नये. दोघांत जे कमी ताकदीचं, ते एकटं असेल असं धरून घ्यावी. दुसरं माणूस आजारी असेल, झोपलेलं असेल, नाहीतर पाण्यात पडलेलं असेल. पैसे देण्याआधी एक दिवस ती बोट पाण्यात मागून घ्या. ज्याचा हात कमी चालतो त्याने एकट्याने शीड आखडून दाखवावं, नांगर हाताने वर घ्यावा, इंजिन सुरू करावं. पाण्यातून वर चढायची शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येते का, हेही पाहा. दुसऱ्याने तेवढा वेळ तोंड बंद ठेवावं. (हे सगळ्यात अवघड.)

दुसरी चूक बुडाची. आमच्या बोटीला जवळजवळ दोन मीटर पाणी लागे. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्यात जेमतेम दोन. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. सव्वा मीटरवाली होडी जिथे सहज आत शिरते, तिथे आम्ही बाहेर लाटांत डुलत भरतीची वाट पाहायचो. त्यातून दिवाळी ते वैशाखाच्या दिवसांत दुपारचा वारा वायव्येचा. मुंबईहून गोव्याकडे उतरणं मजेचं, पण परतताना तोच वारा तोंडावर. वेळापत्रक लावून राहणाऱ्यांनी इंजिनाकडे शिडाइतकंच बारकाईनं पाहावं.

आणि पावसाळा. बोटीत अर्धं वर्ष राहणारी माणसं उरलेलं अर्धं वर्ष विसरतात. बोट तेव्हा यार्डात एकटी असते, भाडं बहुधा फुटावर असतं आणि जबलपूरहून तिथे पोचायला दीड दिवस रेल्वेत जातो. पहिल्या वर्षी गणपतीनंतर झाकण उघडलं, तर गाद्यांवर काळी बुरशी आणि डेकवर पाय ठेवला की मऊ लागत होतं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. फायबरच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड असतं. कठड्याच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी झिरपून ते कुजलं होतं. हे एका पावसाळ्याचं काम नव्हतं, आम्ही घेतली तेव्हाही ते तसंच असणार. डेकवर नाण्याने ठोकलं असतं तर बद्द वाजलं असतं! दुरुस्तीच्या आकड्याने आमचा उरलेला धीर संपला आणि रेवा घेतली त्यापेक्षा निम्म्याहून कमी किमतीत गेली. तिच्या डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या होत्या, तेही आम्ही विचारलं नव्हतं. दहा-बारा वर्षांनी त्या बदलाव्या लागतात, आणि तो खर्च बोटीच्या किमतीतच धरायचा असतो.

गेल्या मार्गशीर्षात दुसरी पाहिली. 29 फूट, पाणी सव्वा मीटर, साखळी 8 मिलिमीटरची. न्हाणीघरात वाकून जावं लागतं आणि नात आलीच तर ओट्यासमोरच्या बाकावर झोपेल. या वेळी तपासनीस आमचा, आमच्या पैशाने आणलेला, विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे. तो आत वाकून पोलादी कण्याचे बोल्ट पाहत होता, तेवढ्यात मी पाच रुपयांचं नाणं काढलं आणि नाळेपासून सुकाणूपर्यंत वीतवीत डेक वाजवत निघाले. मालक म्हणाला, "मॅडम, रंग जाईल."

डोलकाठीच्या पायथ्याशी दोन वितींचा तुकडा बद्द वाजला. तिथे खडूने गोल काढला. तो भाग उघडून, वाळवून, आमच्यासमोर पुन्हा बंद होईपर्यंत ह्यांनी चेकबुक पिशवीतून काढलं नाही.