स्तनाची पुनर्रचना : सिलिकॉन की स्वतःच्या ऊती?

प्रश्न : कर्करोगामुळे माझा स्तन काढावा लागणार आहे. नंतर रेडिएशनही आहे. त्याच वेळी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घ्यावे का?

उत्तर : रेडिएशन ठरलेले असेल तर माझा कल पोटाच्या त्वचा-चरबीतून स्तन घडवण्याकडे आहे, आणि तेही बहुधा रेडिएशननंतर. किरणांमुळे इम्प्लांटभोवतीचे आवरण आकसते, स्तन कडक होतो, दुखतो. पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता वाढते. शिवाय इम्प्लांट आयुष्यभर टिकेलच असे नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी (लसिका पेशींच्या कर्करोगाशी) संबंध आढळल्याने 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली तशा प्रकारची बायोसेल इम्प्लांटे जगभरातून परत घेतली. पोटाच्या ऊतींची शस्त्रक्रिया मात्र अनेक तासांची असते, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात, पोटावर व्रण राहतो. मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असेल तर धोका वाढतो, आणि तेव्हा माझे मतही बदलू शकते. पुनर्रचनेमुळे कर्करोग उलटतो किंवा उलटलेला लपतो, ही भीती घरोघरी ऐकू येते. अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही. ‘या वयात हे कशाला?’ असे कोणी म्हणाले तर तो प्रश्न त्यांचा नाही, तुमचा आहे. पुनर्रचना नको वाटली, तर ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तनही मिळतो. कर्करोग सर्जन आणि प्लास्टिक सर्जन, दोघांना शस्त्रक्रियेआधीच एकत्र भेटा.