केस गळाले, झिंक घटले, पुढे काय?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले. काही दिवसांत टक्कल! पाणी, शाम्पू, करणी, ज्याला जे सुचेल ते कारण पुढे आलं. त्याच दिवसांत कृषी पदवीला शिकणारी पुतणी आपल्या निवृत्त डॉक्टर काकांशी वाद घालत होती.

"काका, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम बेसुमार सापडलं. रेशनच्या गव्हातूनच आलं म्हणतात. पण त्याच तपासणीत झिंक कमी निघालं ना?"

"निघालं. सेलेनियम वाढल्यानं ते घटलं असावं, असा त्यांचा कयास."

"मग जिल्ह्यात झिंकची कमतरता आहेच!"

"इथंच गफलत होते. आजाऱ्यांचं रक्त तपासून जिल्ह्याचा निकाल देता येत नाही. नमुना निरोगी-आजारी असा भेद न करता, चिठ्ठ्या काढल्यासारखा निवडावा लागतो. त्यात रक्तातलं झिंक सकाळ-दुपार बदलतं. ताप, जंतुसंसर्ग असला की उतरतं. नळीच्या रबरी बुचातूनही मिसळतं."

एवढी कटकट असल्यामुळेच सर्वेक्षण करणारे वेळ लिहून ठेवतात, सोबत जंतुसंसर्गाची चाचणीही करतात. दहा वर्षांखालच्या मुलांत, सकाळी पण उपाशी नसताना, डेसिलिटरमागे ६५ मायक्रोग्रॅमहून कमी झिंक म्हणजे कमतरता. असे लोक २० टक्क्यांहून अधिक असले तर तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न.

"मग आपण कुठे आहोत?"

"२०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांची १९ टक्के मुलं आणि १० ते १९ वयाची ३२ टक्के मुलं-मुली कमतरतेत होती. म्हणजे चिमुकली उंबरठ्यावर, किशोरवयीन पार आत."

"गोळ्या वाटायच्या का सरसकट?"

"जुलाबात नक्की. सहा महिन्यांवरच्या बाळाला ओआरएसबरोबर रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस; त्याहून लहानाला १०. बाकी खरा घोळ ताटात आहे. धान्य-डाळींतलं फायटेट झिंक अडवून ठेवतं. मटकीला मोड आणले, पीठ आंबवलं की ते सैल पडतं."

"आणि बियाणं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा गहू आहे. झिंक ४० पीपीएम! पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत झिंक असूनही पिकाला मिळत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात."

काका हसले. आता शिकवायची पाळी तिची होती.

शेतकऱ्यांनी माती तपासूनच झिंक सल्फेट टाकावं, आणि लेकराला जुलाब झाले तर आशाताईंकडे ओआरएससोबत झिंकच्या गोळ्याही मागून घ्याव्यात.