आशाताईंच्या आवाजात मंडळाचे गाणे चालेल का?

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी आमच्यातल्याच एकाने गाणे लिहून चाल लावली. एका मुलाने मोबाइलवरच्या एआय ॲपमधून ते आशा भोसले यांच्या आवाजात तयार केले. सगळ्यांना फार आवडले. तिकीट नाही, धंदा नाही. मग वाजवायला हरकत काय?
– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : हरकत आहे, आणि ती खुद्द आशाताईंनीच घेतली आहे. आवाजाची नक्कल करून देणारी एआय साधने आणि आपले चित्र छापलेल्या वस्तूंची विक्री, या दोन्हींविरुद्ध त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये न्या. आरिफ डॉक्टर यांनी अंतरिम मनाई दिली. परवानगीशिवाय कुठलाही आवाज नामवंताच्या आवाजात बदलून देणारी साधने पुरवणे हाच त्यांच्या हक्कांचा भंग, असे न्यायालयाने म्हटले. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांनाही याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले होते.

यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणाचा घटनात्मक हक्क, ट्रेडमार्कची तत्त्वे आणि कॉपीराइट कायद्यातील कलावंताचे नैतिक हक्क यांच्या आधारे न्यायालये निकाल देतात.

धंदा नाही म्हणता, पण मंडळाची क्लिप त्याच रात्री इन्स्टाग्रामवर जाते आणि कोपऱ्यात प्रायोजक बिल्डरचा लोगो असतो. ऐकणाऱ्याला वाटते, आशाताई यांच्यासाठी गायल्या! त्यांच्या नावाला बाजारात किंमत आहेच. दुबईत २००२ मध्ये सुरू झालेले ‘आशाज’ हे रेस्टॉरंट त्याच नावाचे. मला मात्र पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. १९४३ च्या ‘माझा बाळ’पासून या बाई गात आल्या. श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या अक्षरावर रेंगाळायचे, हे प्रत्येक गाण्यात त्यांनी स्वतः ठरवले. तुमच्या गाण्यात त्यांनी काहीच ठरवलेले नाही, त्यांना कुणी विचारलेलेही नाही, तरी लोक ते त्यांच्या नावावर धरणार. प्रेमापोटी केले तरी हा अन्यायच.

माणसाने गाण्याला मात्र कायदा आडवा येत नाही. हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांपुढे सादर केलेल्या गाण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तुमचे तर शब्दही घरचे आणि चालही घरची. तेव्हा ती फाइल काढून टाका, कुणाला फॉरवर्ड करू नका, आणि सोसायटीतल्या एखाद्या गात्या मुलीला आजपासूनच तालमीला बसवा.