आधी डोळे तपासा

देवणीच्या बाजारात बैल घ्यायचा असला, की आपण काय करतो? दात पाहतो. खूर पाहतो. चालवून पाहतो. वानेरा आहे की बालंक्या, हे तर लांबूनच ओळखतो. पण घरचे लेकरू वाचताना अडखळले, तर त्याचे डोळे कोण पाहतो? आपण सरळ म्हणतो, "पोरगं मठ्ठ आहे."

मंडळी, मी मास्तर असून मीही तसेच म्हणत होतो. माझी चूक तुम्हांला सांगतो.

पाचवीत एक मुलगा होता. फळ्यावरचा 'घ' तो वहीत 'ध' लिही. 'भ' चा 'म' करी. शेजाऱ्याच्या वहीत डोकावी. मी त्याला कामचोर म्हणालो. छड्याही मारल्या. एके दिवशी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, मारू नका. बांधावर बैल हाय का गाय हाय, ते बी याला दिसत नाही."

मी त्याला फळ्याजवळ उभे केले. त्याने सगळे घडाघडा वाचले. मग त्याला डॉक्टरांकडे नेले. चष्मा मिळाला. चष्मा लावून तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्या सदऱ्याचं एक बटन तुटलंय." मला माझ्या छडीची लाज वाटली.

डोळ्यांचे दोष

काही लेकरांना लांबचे अंधुक दिसते. त्याला चष्मा हाच उपाय.

काहींचा एक डोळा आळशी असतो. तो तिरळा असतो किंवा त्याचा नंबर जास्त असतो. मग मेंदू त्या डोळ्याचे ऐकणे सोडून देतो. यावर डॉक्टर चष्मा देतात. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधतात. मग आळशी डोळा कामाला लागतो. सात वर्षांच्या आत उपचार झाला, तर गुण चांगला येतो. म्हणून "तिरळं लेकरू नशीबवान" असे म्हणून बसू नका.

काहींचे दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र वळत नाहीत. एकाची दोन अक्षरे दिसतात. डोके दुखते. अशांना डॉक्टरांनी शिकवलेल्या डोळ्यांच्या व्यायामाने गुण येतो.

ज्या लेकराला चालायला, बोलायला उशीर झाला, त्याचे डोळे तर नक्की तपासावे.

डोळे चांगले, तरी वाचता येत नाही

पुढे वर्गात एक मुलगी आली. डोळे अगदी चांगले. गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगे. पण वाचायला बसली, की अडे. असा दोष डोळ्यांत नसतो. अक्षर आणि आवाज यांची सांगड मेंदूत नीट बसत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. ही मुले मठ्ठ नसतात. सरकारच्या 2016 च्या दिव्यांग कायद्यात तिची नोंद आहे. दाखला असला, तर दहावीच्या परीक्षेत जास्त वेळ मिळतो.

हा दोष डोळ्यांच्या व्यायामाने जात नाही. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग डॉक्टरांनी 2009 साली एकत्र येऊन हेच सांगितले. अशा लेकराला एकेक आवाज, एकेक अक्षर सावकाश शिकवावे लागते. कोणी महागडे व्यायाम सांगून पैसे मागितले, तर विचारा, "डोळ्यांत दोष कोणता? कागदावर लिहून द्या."

काय करावे?

लेकराचा एक डोळा तळहाताने झाका. मग दुसरा झाका. एक डोळा झाकताच ते चिडले, हात ढकलू लागले, तर उघडा राहिलेला डोळा कमजोर असू शकतो. बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर एक दिवसही थांबू नका.

2013 पासून सरकारी डॉक्टरांचे पथक मुलांची मोफत तपासणी करते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्या दिवशी लेकराला रानात नेऊ नका. पुढे उदगीरला लायन्सचे नेत्र रुग्णालय आहे, लातूरला सरकारी मोठा दवाखाना आहे.

बैल परत विकता येतो. लेकराचे गेलेले वर्ष परत येत नाही.

सांगा पाहू

1. आळशी डोळ्यावर काय उपाय करतात?
2. डोळ्यांच्या व्यायामाने कोणता दोष जातो? कोणता जात नाही?
3. तुमच्या घरातल्या लेकराचे डोळे कधी तपासले?