पाठवलेला जुना माल पोहोचला नाही तर?

जुनी शिलाई मशीन, वापरलेल्या साड्या ऑनलाइन विकणाऱ्या व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ३९ सांगते की, कराराप्रमाणे माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृद्दर्शनी गिऱ्हाइकास पोचता झाला. मात्र मालाला साजेसा वाजवी वाहतूक करार केला नसेल आणि माल गहाळ झाला, तर विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो.

जुन्या मालावर छापील किंमत नसते. म्हणून पावतीवर मालाचे नाव, वजन व ठरलेली किंमत लिहून घ्यावी, विमा उतरवावा, बांधणीपूर्वी फोटो काढावा. तक्रार येताच ट्रॅकिंग क्रमांकावरून पाहावे: पत्ता चुकला, माल परत निघाला की हरवला? हरवल्यास वाहतूकदाराकडे मुदतीत लेखी दावा करावा. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये.